परातवाली आई

गावाचं नाव मी लिहिणार नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं, पैनगंगेच्या काठचं जुनं गाव आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं तर तिथलं कुणी ना कुणी हे वाचेल, आणि त्या घाटावर पुन्हा कोणत्या तोंडाने जायचं हा प्रश्न माझ्यापुढे आधीच आहे.

त्या गावच्या शाळेत मी एकोणीस वर्षं इतिहास शिकवला, मग बदली झाली. निवृत्तीनंतर बुलढाण्याला घर बांधलं आणि तिथेच राहिलो. नोकरी सुटली, पण चुका काढायची खोड सुटली नाही. बातम्या सांगणाऱ्या बाईची चूक काढतो, कीर्तनकाराची काढतो, लग्नात मंगलाष्टकं म्हणणाऱ्याची तर जागेवरच काढतो. बायको म्हणते, यमदूत न्यायला आले तरी तुम्ही आधी त्यांच्या कागदातली चूक काढाल. मला यात थोडा अभिमानच वाटायचा. खोटं खपवून घेत नाही, असा माझा लौकिक होता आणि तो मी स्वतःच पसरवला होता.

मुलगी पुण्याला दिली. दिवाळी झाल्यावर व्याही आणि विहीणबाई चार दिवस आमच्याकडे आले. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, पण त्या चार दिवसांत मी एकदाही तो शब्द तोंडातून जाऊ दिला नाही. व्याही बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, आता गड-किल्ले पाहत फिरतात, पुस्तकं वाचतात. बोलणं अगदी स्वच्छ. त्यांच्यासमोर माझंही बोलणं आपोआप इस्त्री केल्यासारखं होऊ लागलं. "मला असं वाटतं की", "खरं तर", "किंबहुना" असलं काहीबाही. दुसऱ्या दिवशी बायकोने स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "तुमी काऊन असे बोलून राह्यले? दात दुखते काय?"

मी तिला गप्प बसायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी लोणारचं सरोवर पाहून झालं. परतताना गाडीत व्याह्यांनी मोबाईल पुढे केला. त्यात नदीवरच्या तराफ्याचा व्हिडिओ होता. जुन्या गावाच्या कडेकडेने अर्ध्या तासाची फेरी, बरोबर माहिती सांगणारा माणूस. "हे जवळच आहे ना हो?" त्यांनी विचारलं.

"जवळ काय, माझंच गाव ते," मी म्हणालो. "तिथली गल्लीन् गल्ली मला माहीत आहे. माहिती सांगणाऱ्याची गरजच नाही." गाडी तिकडे वळवायला मीच सांगितलं. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे झालं त्यात मला कुणी ओढून नेलं नव्हतं.

पुलाखाली तराफा उभा होता. निळे प्लास्टिकचे ड्रम, वर बांबू, त्यावर फळ्या, चारी बाजूंनी दोरीचा कठडा. खाली बंधारा झाल्यापासून दिवाळीनंतरही नदीत पाणी तुंबून राहतं, म्हणून ही सोय. माहिती सांगणारा चाळिशीचा, काळासावळा, दंडाने मजबूत माणूस होता. मागे लांब बांबू घेऊन त्याची बायको उभी होती. तराफा दोघं मिळून चालवायचे. त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग सगळ्यांना म्हणाला, "चपला इथंच काढा जी. आमच्याकडे तराफ्यावर चपला घालून चढत नाही. यानंच वाडीचा माल पल्ल्याड न्यायचो आमी. लक्ष्मी होय ते."

त्याच्या घराण्याची नदीपलीकडे भाजीची वाडी होती. पूल नव्हता तेव्हा वांगी, मिरच्या, पालक सगळं तराफ्यावरून बाजाराला यायचं. पूल झाल्यावर तराफा पडून होता. दोन वर्षांपूर्वी त्याने तो नव्याने बांधला आणि पाहुणे फिरवायला लागला. वाडी चालूच होती. सकाळी भाजीचा तोडा, दुपारनंतर तराफा. आमच्याबरोबर मलकापूरचं एक नवराबायकोचं जोडपं होतं, कापसाच्या व्यापारातलं. सगळ्यांनी चपला काढल्या. त्याने त्या एका पोत्यात भरल्या आणि पायाशी ठेवल्या.

निघताना तो म्हणाला, "एक आनंदाची गोष्ट सांगतो जी. आता गावाचा जुना इतिहास सांगणारे बोर्ड लागून राह्यले घाटावर. वेशीपाशी, मठापाशी, मशिदीपाशी. आमच्याबी एका जागेचं नाव दिलं म्या. तो बोर्ड लागला का मंग आमच्या लोकायचंबी काही नाव राह्यलं म्हनायचं."

"वा, छान," व्याही म्हणाले.

फेरी सुरू झाली. पाणी संथ होतं, कडेला धुणं चाललं होतं, म्हशी पाण्यात बसल्या होत्या. तो एकेक जागा दाखवत गेला आणि माझी खोड जागी झाली. तो म्हणाला, हा घाट हजार वर्षांचा. मी म्हणालो, "फार तर तीनशे." तो म्हणाला, "असन जी, तीनशे असन." तो म्हणाला, वेशीचा दरवाजा अखंड सागवानाचा होता. मी म्हणालो, "अखंड नव्हे, फळ्यांचा, वर लोखंडी पट्ट्या." मलकापूरवाले हसले. व्याही माझ्याकडे कौतुकाने पाहू लागले. "अहो, आमच्या सरांपुढे तुमचं काही चालायचं नाही," ते त्याला म्हणाले. माझी छाती फुगली. बायकोने मात्र मला कोपराने ढोसलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्यांदा मी टोकलं तेव्हा तो माणूस नुसता हसला. मागे त्याच्या बायकोने बांबू जरा जोरात रेटला आणि तराफा हलला. विहीणबाई घाबरून "अगं बाई" म्हणाल्या.

मोठ्या घाटाच्या पायथ्याशी, पाण्याच्या कडेला एक चौकोनी काळा दगड आहे. वर उखळासारखा खळगा. त्या दगडाला हळदकुंकू लावलेलं होतं. खळग्यात चार ताजी जांभळी वांगी आणि मिरच्यांचा एक हिरवा झुबका ठेवलेला होता. तिथे बाईने बांबू तळात रोवला आणि तराफा थांबवला. त्या माणसाचा आवाज बदलला. आतापर्यंत तो पाठ केल्यासारखं बोलत होता, आता घरचं सांगितल्यासारखं बोलू लागला.

"हे आमची परातवाली आई," तो म्हणाला. "पयले आठवडी बाजार नदीच्या पात्रातच भरे. आमच्यातलीच एक माळीण या गोट्यापाशी भाजी घेऊन बसे. एक दिवस भर दुपारी बाजार भरेल, अन् इथं पाऊस नाही, काही नाही. पन तिनं पाह्यलं का पान्याचा रंग बदलून राह्यला. वरतून कपाशीच्या पऱ्हाट्या वाहून येऊन राह्यल्या. वर कुठीतरी ढग फुटला व्हता. तिनं भाजीची परात रिकामी केली अन् या गोट्यावर बडवाले लागली. लोकं पळत वर चढले. सारा बाजार वाचला. ते काही वर आली नाही. बांधलेले बैल सोडत राह्यली अन् पान्यात गेली. तवापासून आमच्या बाया वाडीचा पयला तोडा घरी नेत नाही. इथं ठेवतात, मंग बाजार. बोर्ड लागनार ना, तो याच जागेवर."

मलकापूरच्या बाईंनी हात जोडले. विहीणबाईंनीही जोडले. व्याही माझ्याकडे पाहत होते. पंचांचा निकाल ऐकायचा असावा तसे.

आणि मी निकाल दिला. "हे कोणत्या पुस्तकात आहे?" मी विचारलं. "काही पुरावा? शिलालेख, दप्तर, एखादं कागदपत्र? हा दगड वेशीच्या दरवाजाचा आहे. दरवाजाचा खालचा खुंट या खळग्यात फिरायचा. दरवाजा पडला तेव्हा तो इथे घाटाला वापरला. माळीण, परात, हे सगळं कुणीतरी रचलेलं आहे. असल्या गोष्टींचे बोर्ड लावायला लागले तर झालंच मग."

तो माणूस माझ्याकडे पाहत राहिला. रागाने नाही. मग हळू आवाजात म्हणाला, "पुस्तकात नाही जी. आमच्या सरानं सांगतलं व्हतं, शाळेत असताना. या घाटावरच बसवून."

त्या क्षणी मला सगळं आठवलं.

सहावीचा वर्ग होता. मी तेव्हा तिशीतही नव्हतो. परिसर अभ्यास म्हणून मुलांना नदीवर आणलं होतं. पावसाळा नुकताच संपलेला, पायऱ्या शेवाळलेल्या, आणि पन्नासेक मुलं माकडासारखी खाली-वर उड्या मारत होती. एक मुलगी घसरली, तिला मी वेणीला धरून ओढली. माझा जीव नुसता खालीवर झाला. मुलांना एका जागी बसवून ठेवायचं होतं, बस, एवढंच. त्यांना वेस सांगितली, मठ सांगितला, कुणी ऐकेना. तेवढ्यात पलीकडून तराफ्यावर वांग्यांच्या पाट्या येताना दिसल्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "या दगडाची गोष्ट माहीत आहे का रे? इथे एक माळीण बसायची."

बाकी सगळं मी बोलता बोलता रचलं. पऱ्हाट्या वाहून येतात हे माझ्या आजोळच्या नाल्यावर पाहिलेलं होतं. परात कुठून आली, आठवत नाही. मुलं चिडीचूप बसली. बैल सोडायला ती थांबली हे सांगताना एक मुलगी रडली. मला मोठी गंमत वाटली. त्या रात्री जेवताना मी बायकोलाही सांगितलं नाही, इतकी ती गोष्ट माझ्या लेखी किरकोळ होती. पुढच्या वर्षी दुसरा वर्ग होता, त्यांना ती सांगितली की नाही तेही आठवत नाही; त्या घसरलेल्या मुलीनंतर मी पुन्हा घाटाच्या पायथ्याशी उतरलोच नाही. वर्गाला गप्प बसवायला मी अशा आणखी किती गोष्टी रचल्या असतील देव जाणे.

आणि इथे त्या गोष्टीला हळदकुंकू लागलं होतं.

"कोण हो हे तुमचे सर?" व्याही हसत म्हणाले. "मुलांना वाट्टेल ते सांगायचं आणि मोकळं व्हायचं! काय हो सर, तुमच्याच शाळेतले असतील की. ओळखत असाल तुम्ही."

सगळे माझ्याकडे पाहत होते. तो माणूसही. त्या वेळी "मीच तो" हे दोन शब्द बोलायचे होते. दोनच. व्याही हसले असते, मलकापूरवाले हसले असते, चार दिवस थट्टा झाली असती आणि संपलं असतं. पण तीन चुका काढून मी जो उंच चढून बसलो होतो, तिथून खाली उतरायची मला लाज वाटली.

"असतात असे मास्तर," मी म्हणालो. "त्या काळी विचारणारं कोण होतं?"

ते माझ्या कानांनी ऐकलं. आवाज माझाच होता, स्वच्छ, इस्त्रीचा. तो माणूस पटकन खाली पाहायला लागला, जणू लाजेचं काम त्यानेच केलं होतं. त्याच्या बायकोने बांबू उपसला. उरलेल्या फेरीत तो जेमतेम बोलला, आणि मीही एकही चूक काढली नाही. व्याही म्हणाले, "सर, दमलात वाटतं."

देवळाच्या घाटावर उतरलो. मंडळी दर्शनाला पुढे गेली. मी चपलांसाठी मागे राहिलो. पोत्यातून सगळ्यांच्या चपला त्याने ओतल्या, त्यातल्या माझ्या शोधून काढल्या आणि माझ्या पायांपुढे जोडीने ठेवल्या.

"सर, ओळखलं नाही वाटते मले," तो म्हणाला.

"तू ओळखलंस?"

"चढले तवाच. आवाजावरून. सहावीत व्हतो म्या, खिडकीपाशी बसत जाये. मंग म्हनलं, सरासोबत पावने हायेत, कायले बोलता. तुमाले कसंतरी वाटलं असतं."

म्हणजे मीच ते सर, हे त्याला चढतानाच कळलं होतं. समजून-उमजून त्याने मला झाकलं होतं. भर तराफ्यावर "हेच ते सर" असं म्हणून तो मला उघडं पाडू शकला असता. मी त्याला सहा जणांसमोर खोटं ठरवलं, आणि तो माझी अब्रू राखून उभा होता.

त्याला वाटत होतं, गोष्ट खरी आहे. फक्त सर पाहुण्यांपुढे अडचणीत आले म्हणून तसं बोलले. हे त्याच्या पुढच्या वाक्यावरून कळलं. "सर, एक काम व्हतं. बोर्डासाठी हापिसात लेखी मागून राह्यले. जानकार मानसाचं पत्र पाह्यजे म्हनतात. म्या म्हनलं, आमचे सर हायेत, त्यायच्यापरीस जानकार कोन? दोन ओळी लिहून द्या ना. खाली सही. तुमची सही पाह्यली का कोनी नाही म्हननार नाही."

"देतो," मी म्हणालो. "आठ दिवसांत देतो." आणि चपला घालून जवळजवळ पळालो.

व्याही पुण्याला गेले. जाताना म्हणाले, "सरांमुळे खरा इतिहास कळला." मी हसलो. हसताना गाल दुखतात हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग मी कागद घेऊन बसू लागलो. एकदा लिहिलं, "सदर घटना परंपरेने सांगितली जाते." या वाक्यात खोटं असं काही नाही. आता ती खरोखरच परंपरेने सांगितली जाते. अशा वाक्यांच्या आड किती लोक लपतात हे मी आयुष्यभर मुलांना शिकवलं, आणि आता मीच त्याच्या आड बसायला निघालो होतो. कागद फाडला. दुसऱ्यांदा लिहिलं, "ही गोष्ट निराधार आहे." तोही फाडला. त्याचा फोन आला. तब्येत कशी आहे, थंडी पडली काय तिकडे, असं विचारून ठेवला. पत्राचं नावही काढलं नाही. आठ दिवसांनी पुन्हा आला. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा मी अंगणात जाऊन उभा राहिलो. बायकोने उचलला.

"कोन होय हा? तुमी काऊन लपून राह्यले त्याच्यापासून?" तिने विचारलं. तेव्हा तिला सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्यासमोर मान खाली घालून बोलायची वेळ माझ्यावर आली नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं. वाटाण्याच्या शेंगा सोलत होती, ते काही थांबलं नाही.

"त्या बाईले तुमीच आनलं," ती म्हणाली, "अन् तुमीच बुडवलं. आता जाऊन सांगा त्याले. फोनवर नाही. तोंडानं."

दुसऱ्या दिवशी एसटीने गेलो. दुपार होती. तो मोठ्या घाटावर, त्या दगडाजवळच बसून तराफ्याची दोरी वळत होता. बायको शेजारी बसून टोपल्यातली मेथी निवडत होती. मला पाहून तो उठला, पायाला हात लावला, घाटावरच्या टपरीवर चहा सांगितला. "सर, कायले आले एवढ्या दूर? म्या येऊन गेलो असतो." त्याला वाटलं, पत्र घेऊन आलो. त्याची नजर माझ्या पिशवीवर गेली.

मी चहाला हात न लावता सांगितलं. "ती गोष्ट मी रचली होती. तशी माळीण कुणी नव्हती. मुलं पाण्यात जाऊ नयेत म्हणून मी सांगितली."

तो हसला. "सर, परीक्षा घेऊन राह्यले काय माही?"

मी पुन्हा सांगितलं. घसरलेली मुलगी, पलीकडून येणारा तराफा, आजोळच्या नाल्यातल्या पऱ्हाट्या, दरवाजाचा दगड. त्याचं हसू हळूहळू विरत गेलं. त्याच्या बायकोने मेथी निवडायची थांबवली. ती दगडाकडे पाहत होती. आज तिथे चवळीच्या शेंगा होत्या, आणि कुणीतरी एक छोटी पितळी परातही ठेवली होती, खेळण्यातली असते तेवढी.

"घरी सांगतलं म्या त्या दिवशी," तो म्हणाला. "मायले सांगतलं. ते दुसऱ्याच दिवशी वांगे घेऊन आली इथं. मंग काकू आल्या. मंग साऱ्याच. माय परवाच येऊन गेली. चालता येत नाही, तरी आली."

"मी चुकलो," मी म्हणालो. "तेव्हाही आणि त्या दिवशी तराफ्यावरही. त्या दिवशी तर फारच वाईट वागलो मी."

"तराफ्यावरचं जाऊ द्या जी." त्याने हाताने ते बाजूला केलं, आणि मला उमगलं की मी ज्याची माफी मागायला आलो होतो ते त्याच्या लेखी काहीच नव्हतं. तो थोडा वेळ दोरीची टोकं जुळवत बसला. मग विचारलं, "मंग खरं कोन व्हतं सर?"

"म्हणजे?"

"आमच्यातलं. गावात एवढं झालं म्हनता. वेस झाली, मठ झाला, सरदार आले, फौजा आल्या. त्यायले कोनी भाजी देली असनच ना. हे माळीण नाही, तर दुसरी कोन व्हती? खरी. तुमी एवढे वर्षं शिकवलं, तुमाले माईत असन."

मला माहीत नव्हतं. वेशीवरच्या लेखातली नावं तोंडपाठ होती. मठाचे पाच पिढ्यांचे महंत मी झोपेत सांगितले असते. पण वाडीवाल्यांपैकी एकाचंही नाव मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षांत मी नदी ओलांडून त्यांच्या वाडीवर एकदाही गेलो नव्हतो. तिथल्या म्हाताऱ्यांना काही विचारलं नव्हतं. जुन्या दप्तरात त्यांची पानं आहेत का हे पाहिलं नव्हतं. ज्यांची वांगी रोज खात होतो त्यांच्यासाठी माझ्याकडे खरं काहीच नव्हतं, म्हणून तर सोयीची एक गोष्ट पटकन देऊन टाकली होती.

"पाहावं लागेल," मी म्हणालो.

"पाह्यलं नाही कधी?"

त्याने हे टोचून विचारलं नाही. खरंच विचारलं. "नाही," मी म्हणालो. आयुष्यात इतकं लहान उत्तर मला कधी इतकं जड गेलं नव्हतं.

"तू म्हणशील तर पत्र देतो मी," मी घाईघाईने म्हणालो. "परंपरा आहे असं लिहितो. ते खोटं ठरणार नाही."

"नको सर." त्याने मान हलवली. "तुमी खोटं आहे म्हनता, मंग कायले लिहिता आता."

पुलाकडून हाक आली. पाच-सहा पाहुणे येऊन उभे होते. तो उठला, माझ्या पायाला पुन्हा हात लावला आणि गेला. बायको त्याच्यामागे गेली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मेथीचं टोपलं माझ्याजवळच राहिलं. मी तेव्हाच उठून एसटी धरायला हवी होती. पण मी तिथेच बसून राहिलो. आपलं मन हलकं करायला मी इतक्या लांब आलो, ते हलकं झालंही नाही, आणि त्याच्याकडचं जे होतं ते मात्र मी घेऊन टाकलं, हे बसल्या बसल्या कळत होतं.

तराफा वेशीसमोरून आला, मठावरून आला. त्याचा आवाज पाण्यावरून स्पष्ट येत होता. "हा घाट तीनशे वर्षांचा," तो सांगत होता. "दरवाजा फळ्यांचा व्हता, वर लोखंडी पट्ट्या." माझ्या दुरुस्त्या त्याने सगळ्या जशाच्या तशा घेतल्या होत्या.

मग दगड आला. त्याच्या बायकोने सवयीने बांबू तळाकडे नेला, आणि मध्येच उचलून घेतला. तराफा थांबला नाही. एका बाईने हात करून विचारलं, "दादा, हे हळदकुंकू कशाचं आहे?"

"काही नाही जी," तो म्हणाला. "गोटा होय."